मिरर लेन्सची जादा ॲपर्चरे: ५०० मिमी एफ/८ वरच्या मास्कच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

लेन्स: जुनी, हाताने फोकस करायची ५०० मिमी एफ/८ (फोकल लांबी भागिले ॲपर्चरचा व्यास, म्हणजे ८) मिरर लेन्स, मागे कॅमेऱ्याचा ॲडॉप्टर बसवायचे टी-२ आटे. कॅमेरा: २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी सेन्सर, पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉन.

मिरर लेन्सला ॲपर्चरची, म्हणजे उजेडाचे भोक लहान-मोठे करणारी, पाती नसतात, कारण त्यांना बसायला जागाच नाही. प्रकाश पुढच्या काचेतून आत येतो, मागच्या मुख्य आरशावरून उलटा पुढे जातो, पुढच्या काचेच्या मध्यावर बसवलेल्या दुय्यम आरशावर आपटतो आणि मुख्य आरशाच्या मधल्या भोकातून सेन्सरवर उतरतो. दुय्यम आरशामुळे मध्यावर कायमचा आडोसा राहतो. पाती मध्याकडे मिटत जातात, इथे मध्यावर मुळात प्रकाशच नाही. म्हणून एफ/८ म्हणजे एफ/८च. फोकसबाहेरचे ठिपके गोल टिकल्यांसारखे न दिसता मेदुवड्यासारखे दिसतात तेही यामुळेच. या नोंदींत त्यांना ‘वडे’च म्हटले आहे.

पुठ्ठ्याचे मास्क पुढे लावून या लेन्सला दुसरी ॲपर्चरे देता येतात का, वडे मोडतात का आणि त्यासाठी किती प्रकाश व किती तपशील मोजावा लागतो, एवढेच पाहायचे आहे. लेन्स उघडायची नाही. पुढची काच आणि आरसे यांचे केंद्र एकदा हलले की घरी ते परत जुळत नाही.

आधी मापे. पुढच्या काचेवर पट्टी धरून खरे ॲपर्चर कळत नाही. लेन्स अनंतावर ठेवली. टी-२ च्या बैठकीपासून ५५ मिमी मागे, म्हणजे जिथे सेन्सर असतो तिथे, ॲल्युमिनियम फॉइलला सुईने भोक पाडून त्यामागे एलईडी लावला. प्रकाश उलटा जाऊन पुढून समांतर झोत बाहेर पडतो. तो बटर पेपरवर झेलला आणि व्हर्नियरने मोजला: बाहेरचा व्यास ६२ मिमी, मधली काळी टिकली २८ मिमी. आडोसा व्यासाने ४५ टक्के, क्षेत्रफळाने २० टक्के. दोन आरशांवरचे नुकसान धरले तर उजेडाच्या हिशेबात ही लेन्स एफ/८ ऐवजी १०.५ च्या आसपास पडते. कडक उन्हात आयएसओ ८०० ला १/१६०० मिळते, त्याहून जास्त नाही.

टी-२ बद्दल इशारा. टी-२ चे आटे ४२ मिमी व्यासाचे, ०.७५ मिमी अंतराचे. जुन्या स्क्रू-माउंट लेन्सचा एम-४२ हाही ४२ मिमीचाच, पण अंतर १ मिमी. चुकीचा ॲडॉप्टर दीड-एक फेरा जातो आणि अडकतो. तिथे जोर लावला की आटे गेले. शिवाय बैठकीचे अंतरही वेगळे, टी-२ ला ५५ मिमी आणि एम-४२ ला ४५.४६ मिमी.

कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल तर फोकल लांबी हाताने ५०० भरावी. अशा लेन्समधून कॅमेऱ्याला काहीच माहिती मिळत नाही.

७ जानेवारी

मास्क करण्याआधी हूड (लेन्सपुढे लावायची नळी) आणि चोरप्रकाश (चित्र न बनवता आत शिरणारा भटका उजेड). हे काम कंटाळवाणे आहे, पण क्रम बदलू नये. चोरप्रकाश तसाच ठेवून मास्क लावले तर फोटो फिका का आला याचा दोष विनाकारण मास्कवर जातो.

तपासायची रीत: लेन्स कॅमेऱ्यावरून काढून उजळ भिंतीकडे रोखली आणि मागून, सेन्सरच्या जागी डोळा नेऊन आत पाहिले. (सूर्याच्या बाजूला हे कधीही करू नये.) उजेडाची एक कडी दिसायला हवी, बाकी सगळे काळे. डोळा मध्यावर असताना तसेच दिसले. डोळा सेन्सरच्या कोपऱ्याच्या जागी नेला तेव्हा मधल्या काळ्या टिकलीच्या कडेला एक बारीक कोर चमकली. हा उजेड कुठल्याच आरशावर न पडता आडोशाच्या बाजूने सरळ भोकात शिरतो. फोटोत त्याने चित्र बनत नाही, नुसते दुधाळ पटल चढते.

दोन उपाय केले. पुढच्या काचेच्या मध्यावर, दुय्यम आरशावर असलेल्या टोपीवर दुहेरी टेपने ३१ मिमी व्यासाची काळी चकती चिकटवली. टेप टोपीलाच लावली, काचेला नाही. प्रकाश सुमारे ६ टक्क्यांनी घटला, कोर गेली. पुढचे हिशेब मूळ २८ मिमी आडोशावरच धरले आहेत. दुसरा उपाय १५० मिमी लांब हूड. लेन्सचे पुढचे टोक बाहेरून ७९ मिमी आहे, म्हणजे हूडचा आतला व्यासही तेवढाच. एपीएस-सीच्या कोपऱ्यापर्यंतची किरणे दर मिलिमीटर लांबीमागे ०.०२८ मिमी बाहेर सरकतात. ७९ मिमीच्या नळीत कोपरे कापले जायला हूड ३०० मिमी लांब लागेल. १५० मिमीला कसलीच भीती नाही. याहून लांब केला तर वारा धरतो आणि ट्रायपॉडवर थरथर सुरू होते.

हूडच्या आत काळा कार्डशीट पुरत नाही. समोरून काळा दिसणारा कागद तिरक्या उजेडात आरशासारखा चमकतो. फळ्याचा काळा रंग दोन हात दिला, त्यावर काळा मखमली कागद. मखमल हूडमध्येच लावावी, लेन्सच्या आत नाही. तिचे तंतू गळतात आणि आरशावरचा तंतू काढायला लेन्स उघडावी लागते.

फरक: उन्हातल्या पांढऱ्या भिंतीशेजारचा काळा दरवाजा आता काळा येतो. अख्ख्या प्रकल्पात सर्वांत जास्त गुण या एका संध्याकाळच्या कामाला.

११ जानेवारी

पहिला मास्क, सगळ्यांच्या आधी सुचतो तो: बाहेरची कड झाकणारी कडी.

टोपी अशी केली. लेन्सच्या टोकाभोवती आधी साध्या कागदाचा एक वेढा. त्यावर २५ मिमी रुंद कार्डशीटच्या पट्टीचे तीन वेढे, मध्ये फेव्हिकॉलचा पातळ हात. रात्रभर वाळू दिले. आतला कागद ओढून काढला की तेवढीच फट राहते, टोपी घट्टही बसत नाही आणि पडतही नाही. वर २ मिमी माउंट बोर्डची चकती. फेव्हिकॉल जाड लावला की बोर्ड पापडासारखा वाकतो, म्हणून वाळेपर्यंत वर पुस्तकांचे वजन. भोक कटर लावलेल्या कंपासने, एका दमात न कापता सहा-सात हलक्या फेऱ्यांत, मग कडेवर पॉलिश पेपर.

चाचणी: ५ मीटरवर छापील कागद, १२ मीटरवर दिवाळीची एलईडी माळ. फोकस कागदावर. या मांडणीत माळेचा प्रत्येक दिवा सेन्सरवर साधारण ४ मिमीचा वडा होतो, त्यामुळे आकार नीट वाचता येतो.

भोक ५० मिमी. उजेड पाऊण स्टॉपहून (एक स्टॉप घटणे म्हणजे उजेड निम्मा होणे) थोडा जास्त घटला. वडा बाहेरून लहान झाला, मधले भोक तेवढेच राहिले. आडोसा ४५ टक्क्यांवरून ५६ वर गेला. म्हणजे वडा जाऊन बांगडी आली. कागदावरच्या अक्षरांचा काळेपणाही किंचित उतरला, कारण आडोशाचे प्रमाण वाढले की मध्यम जाडीच्या तपशिलाचा कॉन्ट्रास्ट पडतो. मास्क बाद.

१२ जानेवारी

मागच्या ३०.५ मिमी फिल्टरच्या जागी १६ मिमी भोकाची चकती. मध्य होता तेवढाच उजळ, कोपरे काळे. अपेक्षितच. तिथे प्रकाशाचा शंकू आधीच सात-आठ मिमीपर्यंत आकसलेला असतो, मध्याचा शंकू चकतीला शिवतही नाही आणि कोपऱ्याचा पुरता कापला जातो. ॲपर्चर पुढेच लावायला हवे.

याच जागेबद्दल एक गोष्ट. मागे कारखान्यातून दिलेला बिनरंगी फिल्टर असेल तर तो काढून टाकू नये. तोही हिशेबात धरलेला असतो. दीड मिमी जाड काच फोकस अर्धा मिमी मागे ढकलते. एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर लावायचा तर त्याच जाडीचा, आणि बिनरंगी काढून.

१८ जानेवारी

बाजूचे भोक. मधल्या आडोशाची कड आणि बाहेरची कड यांच्यामध्ये (६२ − २८) ÷ २ = १७ मिमी जागा आहे. तिथे १६ मिमीचे एकच गोल भोक. आता प्रकाशाच्या वाटेत आडोसाच नाही.

वडे गेले. साध्या लेन्ससारख्या भरीव गोल टिकल्या. दिसायला फार सुरेख, पण किंमत जबर. ५०० ÷ १६ म्हणजे एफ/३१. उजेड साडेतीन स्टॉपहून थोडा जास्त घटला, कडक उन्हात आयएसओ १६०० ला १/३२०. विवर्तनाने, म्हणजे लहान भोकातून जाताना प्रकाश पसरल्याने, प्रत्येक बिंदूची टिकली ४२ मायक्रॉनची होते, म्हणजे जवळजवळ ११ पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या फोटोत उपयोगाचे दोन-एक मेगापिक्सेल उरतात. पडद्यावर पाहायला ठीक, छापायला नाही.

एक विचित्र गोष्ट लगेच जाणवते: फोकस फिरवला की चित्र धूसर होता होता बाजूला सरकते. भोक अक्षावर नाही, म्हणून फोकसबाहेरची प्रतिमा भोकाच्या दिशेने ढळते. ट्रायपॉड सैल आहे असे वाटून स्क्रू आवळत बसू नये. याच गुणाचा फायदाही आहे. समोरासमोर दोन भोके पाडली तर फोकस चुकल्यावर दोन प्रतिमा दिसतात आणि फोकस जुळला की एक होते. खगोलवाले याला हार्टमन मास्क म्हणतात.

भोक थोडे मोठे करून पाहिले: गोलाऐवजी कडीचा ९० अंशांचा तुकडा, काजूच्या आकाराचा. उजेड फक्त दोन स्टॉप घटला, लांबीच्या दिशेने तपशील बराच सुधारला. मागचे दिवे अर्थातच काजू झाले. पन्नास काजू एकाच दिशेला वळलेले पाहिले की नजर विषयावर ठरत नाही. पार्श्वभूमीत दिवे नसतील, नुसती पाने असतील, तर मात्र हा मास्क चालण्यासारखा आहे.

१९ जानेवारी

वड्यांपेक्षा जास्त त्रास देते ती दुहेरी रेघ. मागे गवताची काडी, तार, फांदी असली की प्रत्येकीच्या दोन होतात आणि पार्श्वभूमी खरखरीत दिसते. हे कुठून येते ते कागदावर मांडले.

फोकसबाहेरची उभी रेघ म्हणजे एकमेकांवर सरकवलेले असंख्य वडे. तिच्या आडव्या छेदात उजेड किती, हे वड्याच्या प्रत्येक उभ्या कापात पीठ किती यावर ठरते. बाहेरच्या कडेपासून आत येताना पीठ वाढत जाते, मधल्या भोकाच्या कडेशी सर्वांत जास्त भरते आणि भोकावर आले की घटते. आपल्या ४५ टक्के आडोशाला मध्यावर शिखराच्या ६२ टक्के उजेड उरतो. म्हणजे दोन शिखरे, आणि दोन्ही भोकाच्या आतल्या कडेवर. बाहेरच्या कडेचा यात हात नाही.

११ तारखेचा मास्क का फसला ते इथे नेमके कळते. बाहेरून कापल्याने आडोसा ५६ टक्के झाला आणि मध्यावरचा उजेड शिखराच्या ५३ टक्क्यांवर आला. दरी आणखी खोल झाली, दुहेरी रेघ आणखी ठळक.

मग सरळ उपाय: दोनपैकी एक शिखर झाकून टाकायचे.

२२ जानेवारी

मध्ये तारा-चाचणी उरकली. घरच्या ट्रायपॉडवर, मागोवा घेणाऱ्या यंत्राशिवाय, ५०० मिमीला व्याध किंवा ब्रह्महृदय सेकंदाला बरेच पिक्सेल सरकतात. ध्रुव मात्र जवळजवळ जागचा हलत नाही, २ सेकंदांचे एक्स्पोजर आरामात मिळते. पुण्याच्या अक्षांशावर तो क्षितिजापासून साडेअठरा अंशच वर असतो, त्यामुळे हवेचा थरथराट थोडा जास्त. तेवढे सोसावे.

फोकस थोडा सोडून ध्रुवाचा वडा पाहिला. भोक बरोबर मध्यावर असेल तर आरसे जुळलेले. आपले आहे. पहिली वीस मिनिटे वड्यातून ज्वाळेसारखी लाट वर चढताना दिसत होती. घरातून बाहेर आणलेल्या लेन्समधली ती उबदार हवा. पाऊण तासाने शांत झाली. थंडीच्या पहाटे गाडीतून उतरल्या उतरल्या काढलेले फोटो मऊ येतात, ते याचमुळे.

फोकससाठी बाख्तिनोव मास्क, म्हणजे ताऱ्याभोवती तीन किरण उमटवणारी फटींची जाळी. फटींचे अंतर फोकल लांबी भागिले १५०, म्हणजे ३.३ मिमी, फट आणि पट्टी निम्मीनिम्मी. पुठ्ठ्यात एवढ्या अरुंद पट्ट्या कापताना हमखास तुटतात. लेझर प्रिंटरवर पारदर्शक फिल्मवर छापला. एका थरातून उजेड झिरपतो, म्हणून दोन प्रती जुळवून एकावर एक. फिल्ममुळे प्रतिमा बिघडते, पण फोकस झाल्यावर मास्क काढायचाच असतो. मधला किरण दोन तिरक्यांच्या बरोबर मध्ये आला की थांबायचे.

२४ जानेवारी

अर्धा मास्क. सरळ कड व्यासावरून जाणारी, अर्धी कडी झाकणारी, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची. कापायला सर्वांत सोपा: एक चकती, एक सरळ काप.

उजेड बरोबर एक स्टॉप घटतो. दिव्यांचे अर्धे वडे, म्हणजे सी अक्षरासारख्या कोरी होतात. पण मुद्दा रेघांचा. सरळ कड उभी ठेवली की मागच्या उभ्या रेघांचे एकच शिखर उरते. दुहेरी रेघ खरोखर एकेरी झाली. एका बाजूला ठळक, दुसऱ्या बाजूला विरत जाणारी. आडव्या रेघा मात्र होत्या तशाच दुहेरी राहिल्या, कारण त्यांच्या दिशेने वडा अजून वर-खाली सारखाच आहे. नियम असा: मास्कची सरळ कड पार्श्वभूमीतल्या मुख्य रेघांना समांतर ठेवायची. लव्हाळे, ऊस, बांबू यांच्यापुढे कड उभी, तारांपुढे आडवी. फांद्यांचे जाळे असेल तर फायदा निम्माच.

तपशिलाची किंमत एकाच दिशेला मोजावी लागते. आडव्या दिशेने ॲपर्चर ३१ मिमी उरते, म्हणजे एफ/१६ इतके विवर्तन. उभ्या दिशेने पूर्ण ६२. छापील कागदावर फरक शंभर टक्के मोठेपणावर दिसतो, निम्म्यावर नाही.

अडचण: या लेन्सचे पुढचे टोक फोकसबरोबर फिरते, म्हणजे मास्कही फिरतो. टोपी लेन्सऐवजी हूडवर बसवून उपयोग नाही, कारण हूडही त्याच टोकावर आहे. आधी फोकस, मग बोटाने टोपी फिरवून कड सरळ करायची. टोपीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला, तो वर आला की कड उभी.

२६ जानेवारी, भिगवण

उजनीच्या फुगवट्याचे पाणी. मिरर लेन्सला याहून कठीण परीक्षा नाही: उन्हात चमचमणाऱ्या लाटा, प्रत्येक चमक एक वडा, आणि कडेला उभे लव्हाळे.

सूर्य पाठीशी असताना मास्कची गरजच नव्हती. आयएसओ ८००, १/१६००. सुमारे ४० मीटरवरच्या रोहित पक्ष्यांसाठी फोकसची खोली दोन मीटरभर मिळते, थवा विस्कळीत असेल तर एक ओळच धरावी. २० मीटरवर ती अर्ध्या मीटरवर येते.

लव्हाळ्यापुढे डी मास्क, कड उभी, आयएसओ १६००. पार्श्वभूमी बिनमास्कपेक्षा स्पष्टपणे शांत. सूर्य समोरून असताना मात्र पाण्यावरच्या कोरींनी वड्यांइतकाच गोंधळ केला. तिथे उपाय मास्कचा नाही, जागा बदलण्याचा आहे.

साडेनऊनंतर पाण्यावरची हवा उकळल्यासारखी हलू लागली. त्यानंतरच्या फ्रेम कोणत्याही मास्कच्या तुलनेसाठी निरुपयोगी, मोजणीत धरल्या नाहीत.

१ फेब्रुवारी

जाळीचा मास्क. वड्याची कड मऊ करायची ही जुनी खगोलवाली युक्ती: खिडकीच्या डासजाळीचे थर, प्रत्येकाला वेगळ्या व्यासाचे भोक, थर एकमेकांशी तिरके. मूळ रीत तीन थरांची, ॲपर्चरच्या ९०, ७८ आणि ५५ टक्के. आपल्याला तिसरे भोक ३४ मिमीचे पडते आणि २८ मिमीच्या आडोशाभोवती तीन मिमीची फटच मोकळी राहते. म्हणून दोनच थर, ५६ आणि ४८ मिमी.

वड्याची बाहेरची कड छान विरली. दुहेरी रेघ जराही हलली नाही. १९ तारखेचे गणित पाहता तिने हलायला नकोच होते, शिखरे आतल्या कडेवर आहेत. शिवाय जाळी स्वतः विवर्तन करते. १.२ मिमी अंतराची जाळी प्रत्येक तेजस्वी बिंदूभोवती ५८ पिक्सेलवर फिकट जुळे उभे करते, वर, खाली, दोन्ही बाजूंना. एलईडीच्या माळेवर फोकस केला तेव्हा प्रत्येक दिव्याभोवती रांगोळीच्या ठिपक्यांसारखी चौकट उमटली. ढगाळ दिवशी, चमकणारे काहीच नसताना चालेल. एरवी बाद.

८ फेब्रुवारी

डी मास्क पुठ्ठ्यातून १.५ मिमी काळ्या प्लास्टिक शीटमध्ये नव्याने कापला. पुठ्ठ्याची टोपी दवाने फुगून घट्ट बसली होती, काढताना फोकस हलत होता. नवीन टोपीच्या आत ईव्हीए फोमची १ मिमी पट्टी लावली आहे, त्याने ती फिरते पण घसरत नाही. प्लास्टिकची आतली बाजू फळ्याच्या रंगाने रंगवली. रंग धरण्यासाठी आधी पॉलिश पेपरने खरवडावे लागते, नाहीतर पोपडे निघून काचेवर पडतात.

बॅगेत आता हूड, ३१ मिमीची चकती (ती कायमची चिकटलेली), डी मास्क आणि बाख्तिनोव फिल्म. कडी आणि जाळी रद्दीत. १६ मिमीचे भोक आणि काजू ठेवले आहेत. १२० अंशांचा तुकडा अजून कापलेला नाही. डी मास्क आणि काजूच्या मध्ये तो बसेल, उजेड दीड स्टॉपहून किंचित जास्त घटेल. माळ आणि छापील कागद तसेच मांडून ठेवले आहेत.